‘एफिशियंट’ कोणासाठी? रोहॅमरवरच्या उपायांचं पुनर्वाचन

मेमरीवरचा भाग ऐकून एका श्रोत्याने विचारलं, “उपाय २०१४ मध्येच छापून आला होता म्हणता, मग २०२५ मध्ये अजून हल्ले कसे होतात?” मी घाईघाईत एका शब्दात उत्तर दिलं : “पैसे.” माईक बंद झाल्यावर ते उत्तर मलाच खटकत राहिलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आमच्याबद्दल आहे, म्हणजे हे पेपर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांबद्दल. तुमच्यातले काही जण नुकतेच पीएचडीला लागलेत, काही जण चिपच्या किंवा क्लाउडच्या कंपन्यांत आहात. तेव्हा हे अर्धं उत्तर तुमच्यासमोर मांडायलाच हवं.

आधी गोष्ट काय आहे ते थोडक्यात. भाग ऐकला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

डीरॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका बारीकशा कपॅसिटरमधला विजेचा साठा. हा साठा गळका असतो. झिरपणाऱ्या माठासारखा तो वेळोवेळी भरावा लागतो. डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये नेहमीच्या तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा भरली जाते, त्याला रिफ्रेश म्हणतात. वाचायचं किंवा लिहायचं असेल तर आख्खी ओळ ‘उघडावी’ लागते. आता एकच ओळ पुन्हापुन्हा, प्रचंड वेगाने उघड-मीट केली तर शेजारच्या ओळीतली गळती वाढते, आणि पुढचा रिफ्रेश येण्याआधीच तिथला १ चा ० होतो किंवा ० चा १. तुम्ही त्या शेजारच्या ओळीला हातही लावलेला नसतो. चाळीत पलीकडच्या खोलीत कोणी दिवसभर खिळे ठोकावेत आणि आपल्या भिंतीवरची तसबीर खाली यावी, तसं. ठोकणाऱ्याला आपल्या घरात येण्याची परवानगी लागतच नाही. कॉम्प्युटरची सगळी सुरक्षा ‘कोणाला कुठे शिरायची परवानगी आहे’ या कल्पनेवर उभी असल्यामुळे ही गोष्ट इतकी गंभीर आहे.

पहिला पेपर : काय बरोबर होतं

२०१४ साली ‘इस्का’ परिषदेत यूंगू किम, ओनुर मुत्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल लॅब्ज यांचं ते काम होतं. त्यांनी डीडीआर३ ची १२९ मॉड्यूल्स तपासली, त्यातल्या ११० मध्ये बिट्स उलटले. सगळ्यात कमकुवत मॉड्यूलला त्यासाठी सुमारे १,३९,००० वेळा ओळ उघडावी लागली. एक ओळ उघडून बंद करून पुन्हा उघडायला साधारण ५० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ६४ मिलिसेकंदांत जवळपास १३ लाख वेळा ती उघडता येते. १,३९,००० ही संख्या त्या मानाने किरकोळ आहे. सुमारे सात मिलिसेकंदांचं काम.

हा पेपर तुम्ही मुळातून वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात एक सभ्यता आहे. नुसता रोग दाखवून लेखक थांबत नाहीत. सात उपाय मांडतात, आणि प्रत्येकात काय कमी पडतं तेही सांगतात. उदाहरणार्थ, ‘रिफ्रेश वाढवा’ हा सगळ्यात सोपा उपाय. पण वरचा हिशोब धरला तर प्रत्येक ओळ सात मिलिसेकंदांच्या आत भरायला हवी, म्हणजे नऊपट रिफ्रेश. २०१५ मध्ये काही कंपन्यांनी फर्मवेअर अपडेटमधून रिफ्रेशचा दर वाढवला. दर दुप्पट केला तरी मुदत ३२ मिलिसेकंदांवरच येते. सात कुठे आणि बत्तीस कुठे!

लेखकांनी शेवटी निवडलेला उपाय म्हणजे ‘पारा’. नाव आपल्याला लक्षात राहण्यासारखं आहे, पण आपल्या पाऱ्याशी त्याचा संबंध नाही. कल्पना अशी : कुठलीही ओळ बंद होताना मेमरी कंट्रोलरने एक नाणं उडवायचं. हजारातून एकदाच ‘छापा’ येईल असं ते नाणं. छापा आला की दोन शेजाऱ्यांपैकी एकाला रिफ्रेश करायचं. कुठलीही मोजणी नाही, कुठलीही वही नाही. खर्च किती? सरासरी ०.२ टक्के, आणि त्यांनी तपासलेल्या २९ बेंचमार्कपैकी सगळ्यात वाईट ठिकाणी पाऊण टक्का. दोन्ही आकडे त्यांनी दिले आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला लागणार आहे.

सुरक्षितता किती, तर हिशोब आपणच करू. एका ठरावीक शेजाऱ्याला प्रत्येक उघडण्यामागे रिफ्रेश मिळण्याची शक्यता दोन हजारात एक. १,३९,००० वेळा ओळ ठोकली आणि त्या शेजाऱ्याला एकदाही रिफ्रेश मिळाला नाही, असं होण्याची शक्यता म्हणजे दशांशचिन्हानंतर तीस शून्यं आणि मग पहिला आकडा. इतकी कमी शक्यता आणि इतका कमी खर्च! मग हे वापरलं का नाही?

पहिला पेपर : काय गृहीत धरलं होतं

दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या.

पहिली : कंट्रोलरला ‘शेजारी कोण’ हे माहीत असतं. प्रत्यक्षात मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो, तो एक कंपनी बनवते. डीरॅम चिप दुसरी कंपनी बनवते, आणि चिपच्या आत ओळींचे क्रमांक कसे लावलेत हे ती कोणाला सांगत नाही. बाहेरून ५०० आणि ५०१ दिसणाऱ्या ओळी आत शेजारी असतीलच असं नाही. लेखकांना ही अडचण ठाऊक होती. उत्पादकांनी ही माहिती मॉड्यूलवरच द्यावी, असं त्यांनी सुचवलं. सूचना चांगली होती, पण ती मान्य करायला ज्यांनी पुढे यायचं त्यांना पुढे येण्याचं काही कारण नव्हतं.

दुसरी : उंबरठा एक लाखाच्या वर आहे. हा उंबरठा टिकला नाही. २०२० मध्ये त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात १,५८० चिप्स तपासल्या गेल्या. सगळ्यात कमकुवत चिपमध्ये ९,६०० उघडण्यांत बिट उलटला.

इथे एक सावधगिरीचा इशारा. बऱ्याच स्लाइड्सवर तुम्हाला ‘१,३९,००० वरून ४,८००’ असा बाण दिसेल. तो बाण चुकीचा आहे. ४,८०० म्हणजे दोन्ही बाजूंच्या दोन ओळी, प्रत्येकी ४,८०० वेळा. एकूण ९,६००. मूळ पेपर हे नीट सांगतो, स्लाइड करणारे गाळतात. घसरण तशीही चौदापटीहून जास्त आहे, तिला आणखी मीठमसाला लावायची गरज नाही.

आता पाराचं तेच नाणं घेऊन ९,६०० चा हिशोब करा. शेजारी एकदाही रिफ्रेश न होण्याची शक्यता साधारण १२० मध्ये एक. ६४ मिलिसेकंदांच्या एका खिडकीत असे शंभराहून जास्त प्रयत्न बसतात. म्हणजे संरक्षण संपलंच. पहिल्यासारखीच सुरक्षितता हवी असेल तर सत्तर उघडण्यांमागे एक जादा रिफ्रेश लागतो. उंबरठा उद्या हजारावर आला तर दर सात उघडण्यांमागे एक. ‘इतकी टोकाची सुरक्षितता कशाला?’ म्हणून थोडी घासाघीस करता येईल, पण दिशा तीच राहते. ०.२ टक्क्यांचा उपाय महाग होत जातो, कारण चिप बारीक होत जाते.

म्हणून ‘उपाय २०१४ मध्ये माहीत होता’ हे विधान अर्धवट आहे. २०१४ च्या चिपसाठी उपाय माहीत होता. तो त्या चिपसाठी वापरला नाही हा एक दोष, आणि पुढच्या चिपसाठी तो पुरला नाही ही वेगळी गोष्ट. या दोन गोष्टींची गल्लत करू नका. मी त्या दिवशी केली.

झाकली मूठ

२०१५ च्या मार्चमध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने या उलटलेल्या बिटचा वापर करून लिनक्सच्या कर्नलचे अधिकार मिळवून दाखवले. तोवर ‘ही विश्वासार्हतेची अडचण आहे, सुरक्षेची नाही’ असं म्हणायला जागा होती, ती त्या दिवशी गेली. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या व्हीयू विद्यापीठातल्या गटाने ‘ड्रॅमर’ नावाने तेच अँड्रॉइड फोनवर करून दाखवलं. कुठलीही परवानगी न मागणारं साधं ॲप त्यासाठी पुरलं.

डीडीआर४ आली तेव्हा उत्पादकांनी सांगितलं की आमच्या चिपमध्ये ‘टीआरआर’ आहे, आता काळजी नको. टीआरआर म्हणजे ठरावीक ओळींना जादा रिफ्रेश. पण ओळी कशा ठरवल्या जातात, किती लक्षात राहतात, केव्हा विसरल्या जातात, याबद्दल अवाक्षर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२०२० मध्ये ‘टीआररेस्पास’ने ती मूठ उघडली. चिपच्या आतला पहारेकरी मोजक्याच ओळी लक्षात ठेवू शकतो. मग दोनऐवजी दहा-बारा-वीस ओळी एकदम ठोका, त्याचा गोंधळ होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : खरा हल्ला एकीकडे आणि जादा रिफ्रेश भलत्याच ओळीला. ४२ मॉड्यूल्सपैकी १३ पडली. पुढच्याच वर्षी झुरिकच्या ईटीएचमधून ‘ब्लॅकस्मिथ’ आलं. त्याने ठोकण्याची लय बदलली, काही ओळी जास्त वेळा, काही कमी, काही वेगळ्या वेळेला. तपासलेल्या ४० मॉड्यूल्सपैकी ४० पडली.

याच काळात गूगलने ‘हाफ-डबल’ जाहीर केलं. मला ते या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवणारं वाटतं. ओळीला रिफ्रेश करणं म्हणजे आतून ती ओळ उघडणंच. मग एका ओळीला खूप ठोकलं की संरक्षण तिच्या शेजाऱ्याला सारखं रिफ्रेश करतं, म्हणजेच सारखं उघडतं, आणि त्या उघडण्याचा फटका शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला बसतो. औषधच हल्लेखोराच्या हाती हत्यार म्हणून गेलं.

गुप्ततेवर माझा आक्षेप नैतिक नाही. व्यवसायात गुपितं असतात, हे मला कळतं. आक्षेप व्यावहारिक आहे. टीआरआर कमी खर्चाचं होतं, कारण त्याला थोड्याच ओळी लक्षात ठेवायच्या होत्या. हा ‘थोड्याच’ शब्द उघड असता तर कुठल्याही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यातली फट पहिल्याच दिवशी दाखवली असती. गुप्ततेमुळे फट बुजली नाही. ती सापडायला काही वर्षं लागली, आणि तोवर त्या चिप्स जगभर सोल्डर होऊन बसल्या.

आमच्या बाजूचे ‘एफिशियंट’ उपाय

दरम्यान विद्यापीठांतून उपायांचा पूर आला. काही खरोखर देखणे आहेत. २०२० चा ‘ग्राफीन’ घ्या. त्याने १९८२ चा मिश्रा आणि ग्रीस यांचा अल्गोरिदम उचलला. तुम्हाला निवडणुकीच्या मतमोजणीत दहा टक्क्यांहून जास्त मतं मिळवणारे सगळे उमेदवार न चुकता पकडायचे असतील, तर उमेदवार हजार असले तरी नऊच पाट्या पुरतात. तसंच, १३ लाख उघडण्यांमध्ये दहा हजारांचा टप्पा ओलांडणारी ओळ पकडायला १३० च्या आसपास काउंटर पुरतात. यात नशिबाचा भाग नाही, सिद्धता आहे. हल्लेखोराला ग्राफीनची रचना पूर्ण माहीत असली तरी फरक पडत नाही. टीआरआरच्या अगदी उलट.

पण टप्पा हजारावर आणा, काउंटर १,३०० होतात. दोन्ही बाजूंचे हल्ले आणि खिडकीच्या सीमेवरचे हल्ले धरून सुरक्षित अंतर ठेवा, त्याच्या काही पट होतात. हे सगळं प्रत्येक बँकेसाठी, आणि डीडीआर५ च्या एका रँकमध्ये ३२ बँका असतात. पुन्हा तेच. उपाय सुंदर, पण उंबरठ्यासोबत बिल वाढतं. म्हणून मग ‘ब्लॉकहॅमर’ संशयास्पद ओळींना उशीर लावतो, ‘हायड्रा’ काउंटर डीरॅममध्येच ठेवून त्यातले गरजेचे तेवढे जवळ आणतो, आणखी कोणी ओळींच्या जागाच बदलतो. दर परिषदेला तीन-चार पेपर, आणि प्रत्येकाच्या सारांशात एक शब्द ठरलेला : एफिशियंट.

आता माझी कबुली. माझ्या थिसिसमध्येही असं एक प्रकरण आहे. त्यात एक आलेख आहे, आणि त्या आलेखाच्या उजव्या टोकाला ‘सरासरी’ नावाचा बुटका स्तंभ आहे. सारांशात तोच आकडा गेला. व्हायव्हात परीक्षकांनी मधल्या एका उंच स्तंभावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “ज्याला हाच प्रोग्राम चालवायचा आहे, त्याला तुझी सरासरी काय कामाची?” मी काहीतरी उत्तर दिलं, पासही झालो. पण २०१४ च्या पेपरने सरासरीशेजारीच सगळ्यात वाईट आकडा छापला होता, आणि मी, तोच पेपर पन्नास वेळा वाचलेला माणूस, तो सारांशात लिहायला विसरलो होतो. विसरलो म्हणजे काय, तो लिहावासा वाटला नव्हता.

तेव्हापासून मी ‘एफिशियंट’ या शब्दाकडे संशयाने बघतो. माझे तीन आक्षेप आहेत.

एक, तुलना कशाशी? आमच्या सगळ्या आलेखांत १०० म्हणजे ‘कुठलंही संरक्षण नसलेली मेमरी’. म्हणजे जी मेमरी साठवलेलं जसंच्या तसं परत देईल याची खात्री नाही, ती आमची आदर्श. नेहमीच्या रिफ्रेशचं उदाहरण घ्या. ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपमध्ये दर ७.८ मायक्रोसेकंदांनी ३५० नॅनोसेकंद रिफ्रेशला जातात. हे साडेचार टक्के झाले. त्याला कोणी ‘ओव्हरहेड’ म्हणत नाही, कारण त्याशिवाय मेमरी मेमरीच नाही. मग शेजारच्या ओळीमुळे बिट न उलटणं हे मेमरीच्या व्याख्येत बसतं की बाहेर? बसत असेल तर तो खर्च म्हणजे मूळ किंमत आहे, वरचा भार नव्हे.

दोन, कोणाची सरासरी? बेंचमार्क म्हणजे साधे, सज्जन प्रोग्राम. पण आपण हल्ल्याविरुद्धचा उपाय मोजतोय. हल्लेखोराने मुद्दाम तुमच्या संरक्षणालाच सतत कामाला लावलं, तर बाकीच्यांचं काय? ओळींना उशीर लावणारा, जागा बदलणारा, जादा रिफ्रेश करणारा, प्रत्येक उपाय असा छळता येतो. बिट उलटत नाही, पण शेजारच्या ग्राहकाचा सर्व्हर रांगायला लागतो. हा आकडा बऱ्याच पेपरांत नसतो, आणि असला तर परिशिष्टात असतो.

तीन, उंबरठा कोणी ठरवला? आम्ही एक संख्या गृहीत धरतो आणि तिच्याभोवती सिद्धता रचतो. ती संख्या म्हणजे कोणीतरी तपासलेल्या चिप्सपैकी सगळ्यात कमकुवत चिपची. न तपासलेली चिप त्याहून कमकुवत असू शकते. त्यात २०२३ मध्ये ‘रोप्रेस’ आलं. ओळ वारंवार उघडण्याऐवजी ती बराच वेळ उघडी ठेवली तरी शेजारचा बिट उलटतो, आणि टोकाच्या परिस्थितीत एकदाच उघडणंही पुरतं. म्हणजे आम्ही सगळे ‘किती वेळा’ मोजत बसलो होतो, आणि निसर्ग ‘किती वेळ’ हेही मोजत होता. सिद्धता खोटी नव्हती. ती दुसऱ्याच प्रश्नाची होती.

शेवटी प्रत्येक ओळीला तिचा काउंटर

२०२४ च्या एप्रिलमध्ये जेडेक या मानकसंस्थेने डीडीआर५ च्या मानकात ‘प्रॅक’ आणलं. प्रत्येक ओळीसोबत तिचा स्वतःचा काउंटर, डीरॅमच्या आतच. ओळ उघडली की काउंटर वाढतो. ठरलेल्या आकड्याला पोहोचला की चिप कंट्रोलरला ‘थांब, मला आत काम करायचंय’ असा इशारा देते. चिपला स्वतःचे शेजारी माहीत असल्यामुळे २०१४ ची पहिली अडचण आपोआप सुटते. अंदाज नाही, नाणं नाही, विसरणारा पहारेकरी नाही. ‘पॅनॉप्टिकॉन’ नावाने अशी कल्पना २०२१ मध्ये मांडली गेली होती. तीन वर्षांत कल्पना मानकात येणं या क्षेत्रात झटपटच म्हणायचं.

प्रॅकचं मला मनापासून कौतुक आहे, आणि त्याचं एक कारण असं की त्याने खर्च लपवला नाही. काउंटर वाचून, वाढवून परत लिहायला वेळ लागतो. म्हणून ओळ बंद करण्याचा वेळ साधारण १४-१५ नॅनोसेकंदांवरून ३६ वर गेला. हा खर्च सगळ्यांना आहे, हल्ला होवो न होवो. संशोधकांच्या सिम्युलेशनमध्ये यामुळे काही प्रोग्राम्सना चांगलाच फटका बसतो. त्यावर आता ‘प्रॅक अधिक एफिशियंट कसं करावं’ असे पेपर येऊ लागलेत. काही खरोखर हुशार आहेत : काउंटर दर वेळी न वाढवता कधीतरीच, पण जास्तीने वाढवा. म्हणजे पाराचं नाणं परत आलं, फक्त आता ते काउंटर वाढवायचा की नाही हे ठरवतं.

प्रॅकलाही प्रश्न आहेतच. चिपचा ‘थांब’ हा इशारा सगळ्यांनाच जाणवतो. तेव्हा कोण किती वेळा कुठली ओळ उघडतंय, हे शेजारचा प्रोग्राम वेळेवरून ताडू शकतो. २०२५ मध्ये ही गळती दाखवून झाली. पण इथे फरक लक्षात घ्या. प्रॅक उघड मानक असल्यामुळे फट सापडली ती कागदावर, चिप्स घरोघरी पोहोचण्याआधी. टीआरआरची सापडली ती नंतर. दोन्हीकडे फटी होत्या, पण दुरुस्तीची संधी एकीकडेच होती.

मधल्या काळात विकलेल्या चिप्सचं काय?

आता श्रोत्याच्या प्रश्नातला ‘२०२५’. त्या सप्टेंबरमध्ये ईटीएच आणि गूगलच्या संशोधकांनी ‘फीनिक्स’ जाहीर केलं. एका मोठ्या उत्पादकाची डीडीआर५ ची १५ मॉड्यूल्स तपासली, सगळी पडली. हल्लेखोराला रूटचे अधिकार मिळायला सर्वांत कमी वेळ लागला तो १०९ सेकंद. ही मॉड्यूल्स प्रॅक नसलेली आहेत, आणि अपडेटने त्यांच्यात प्रॅक येणार नाही. रिफ्रेश तिप्पट केला की हा हल्ला थांबतो, खर्च ८.४ टक्के. दहा वर्षं आम्ही अर्ध्या टक्क्यावरून भांडलो, आणि शेवटी ज्याच्या हातात चिप आहे त्याच्या वाट्याला आले साडेआठ.

त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठातून ‘जीपीयूहॅमर’ आलं. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतला एकच बिट उलटवून त्यांनी एका न्यूरल नेटवर्कची अचूकता ८० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणली. उपाय काय, तर कार्डावरचं ईसीसी चालू करा. त्याने थोडी मेमरी आणि थोडा वेग जातो, म्हणून अनेक जण ते बंद ठेवतात. ‘एफिशियंट’ राहण्यासाठी.

प्रमाण सुटू देऊ नका, हेही सांगतो. तुमच्यापैकी कितीतरी जण नवा फोन घेतला की जुना आईबाबांना पाठवता. मीही पाठवलाय. नाशिकला तोच फोन आता बँकेचं ॲप आणि गॅसचं बुकिंग सांभाळतो. बाबांनी मागे विचारलं, “तू ते मेमरीचं काहीतरी करतोस ना, मग हा फोन बरा आहे का?” मी खरं ते सांगितलं : “बाबा, त्या फोनला मेमरीच्या हल्ल्यापेक्षा ओटीपी विचारणाऱ्या फोनची भीती जास्त आहे. ओटीपी कोणाला सांगू नका.” रोहॅमरची खरी जागा क्लाउडमध्ये आहे, जिथे अनोळखी लोक एकाच मशीनवर शेजारी असतात. पण बाबांच्या बँकेचा सर्व्हर कुठल्यातरी अशाच मशीनवर असू शकतो, हेही तितकंच खरं. फोन त्यांनी जपला तरी ती मेमरी त्यांच्या हातात नाही. ती कोणी, किती पैसे वाचवून घेतली, हे त्यांना कधी कळणारही नाही.

म्हणूनच ‘एफिशियंट’ हा शब्द मला तांत्रिक वाटेनासा झालाय. खर्च वाचतो तेव्हा तो नाहीसा होतो असं नाही, बऱ्याचदा तो सरकतो. डीरॅम कंपनी सिलिकॉन वाचवते, तो खर्च क्लाउडवाल्याकडे वेगाच्या रूपात जातो. क्लाउडवाला वेग वाचवतो, तो खर्च ग्राहकाकडे धोक्याच्या रूपात जातो. आणि आमच्यासारखे लोक सारांशात एक बुटका आकडा लिहून हे सरकणं दिसेनासं करतात.

तर पुढचा असा पेपर हातात आला, किंवा तुम्हीच लिहायला बसलात, तर तीन गोष्टी बघा. सरासरीशेजारी सगळ्यात वाईट आकडा आहे का? हल्लेखोराने संरक्षणालाच छळलं तर बाकीच्यांचं काय होतं, हे मोजलंय का? आणि उंबरठा निम्मा झाला तर खर्च दुप्पट होतो, दहापट होतो की तसाच राहतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तो उपाय आजच्या चिपचा आहे, एवढं मनात ठेवून पुढे वाचा. पहिला पेपर याच कसोटीवर दोन प्रश्नांत चांगला ठरतो आणि एकात कमी पडतो, तरीही तो मला अजून वाचावासा वाटतो, कारण तपासायला लागणारं सगळं त्याने उघड्यावर ठेवलंय. वरचे हिशोब मी त्याच्याच आकड्यांवरून केले.

आणि त्या श्रोत्याला माझं सुधारलेलं उत्तर : उपाय होता, तो त्या काळच्या चिपपुरता होता, आणि तेव्हाही वापरला गेला नाही, कारण ज्याने खर्च करायचा आणि ज्याने भोगायचं ती माणसं वेगळी होती. पैसे हे कारण खरंच, पण कोणाचे, हे मी सांगायला हवं होतं.